रिजेक्शनचा मेल आला? रिप्लाय करा, पण उद्या

नवी मुंबईत ऐरोलीला नाहीतर महापेला इंटरव्ह्यूचे तीन राउंड दिले, आठवडाभर फोन बघत बसलात आणि शेवटी तो मेल आला, आम्ही दुसऱ्या उमेदवाराची निवड केलीय वगैरे. बहुतेक जण डिलीट मारतात. मारू नका. मी बरीच वर्षं इंटरव्ह्यू घेणाऱ्यांच्या बाजूला बसलोय म्हणून सांगतो, हा मेल जातो तेव्हा जागा भरलेली असतेच असं नाही. ज्याला ऑफर दिलीय तो बऱ्याचदा ९० दिवस नोटीसवर असतो, तेवढ्यात त्याची जुनी कंपनी पगार वाढवून त्याला थांबवते किंवा तो आणखी दोन ऑफर गोळा करतो आणि जॉइनिंगच्या दिवशी फोन स्विच ऑफ. मग एचआरवाले जुनी लिस्ट उघडतात आणि दोन नंबरवाल्याला फोन लावतात. त्या लिस्टमध्ये दोघं सारखेच असतील तर जो नीट बोलला होता तो आधी आठवतो.

म्हणून रिप्लाय करायचा, पण त्याच रात्री नाही. डोकं गरम असतं, त्यात घरी काका-मावशीचं "झालं का रे काही?" चालू असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी चार ओळी लिहा, वेळ दिल्याबद्दल थँक्स, कामाबद्दल जे कळलं ते आवडलं, पुढे जागा निघाली तर नक्की कळवा, आणि एक प्रश्न. "मला का घेतलं नाही" असं विचारू नका, त्याचं उत्तर द्यायला बऱ्याच कंपन्यांत मनाईच असते, आणि वाचणाऱ्याला वाटतं हा आता भांडणार. त्याऐवजी "पुन्हा अप्लाय करण्याआधी कुठल्या एका गोष्टीवर काम करू?" असं विचारा, कधीकधी खरंच उत्तर येतं. मेल नो-रिप्लायवरून आला असेल तर ज्या एचआरने राउंड ठरवला होता त्यांना पाठवा. नोकरी लावून देणाऱ्या कन्सल्टंटमार्फत गेला असाल तर सरळ त्यालाच फोन करा, तुम्ही जॉइन झालात तरच बहुतेकदा त्याचे पैसे सुटतात त्यामुळे तो आतली बातमी काढून देतो. उत्तर नाही आलं तर सोडा, रोज व्हॉट्सॲपवर गुड मॉर्निंग पाठवून काही होत नाही. आणि एचआरच्या नावासकट स्क्रीनशॉट लिंक्डइनवर टाकू नका, पुढच्या कंपनीतले लोकपण ते वाचतात.

मग बघा कुठे अडलं. फोनच येत नसेल तर सीव्ही बघायचा, प्रत्येक जॉबसाठी वरच्या चार ओळी बदलायच्या. टेक्निकलला अडत असेल तर विचारलेले प्रश्न त्याच दिवशी परत येताना ट्रेनमध्ये मोबाईलवर टाइप करून ठेवा, दोन दिवसांनी अर्धे विसरतात. शेवटच्या राउंडपर्यंत जाऊन नाही झालं तर बऱ्याचदा बजेट किंवा नोटीस पिरियड असतो, त्यात तुमचं काही चुकलेलंच असतं असं नाही.

आपल्याकडचा एक खास प्रश्न म्हणजे "बदलापूरहून रोज कसं येणार?" इथे अडखळलात की समोरच्याला वाटतं हा तीन महिन्यांत सोडणार. उत्तर तयार ठेवा, ठाण्याला उतरून नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवरून ट्रान्स-हार्बरची लोकल पकडतो, ऐरोली दोन स्टेशनं, घरून अमुक वाजता निघतो. झालं.

बऱ्याच कंपन्यांत सहा महिने पुन्हा अप्लाय करता येत नाही, तेवढा रिमाइंडर फोनमध्ये लावून टाका. आणि या काळात "बॅकडोअर जॉइनिंग करून देतो, फक्त डिपॉझिट भरा", म्हणजे पैसे घेऊन मागच्या दाराने नोकरी, असा कॉल आला तर कट करा. खरी कंपनी ऑफर लेटरसाठी पैसे मागत नाही, वाशीच्या चकाचक ऑफिसात बसवून मागितले तरी नाही.