सर्फ कॅम्पला पहिल्यांदा जाताय? आठवडा वाया जाऊ नये म्हणून काय काय करायचं

ऑल-इन्क्लुझिव्ह सर्फ कॅम्प म्हणजे राहणं, जेवण, बोर्ड, वेटसूट (पाण्यात थंडी वाजू नये म्हणून घालायचा रबरी सूट), शिकवणारे इन्स्ट्रक्टर आणि बीचवर नेणारी-आणणारी गाडी, सगळं एकाच रकमेत. नवशिक्यासाठी याच्याएवढी सोयीची गोष्ट नाही असं मला मनापासून वाटतं, कारण कुठल्या बीचवर जायचं, किती वाजता जायचं, कुठला बोर्ड घ्यायचा यातलं आपल्याला सुरुवातीला काहीही कळत नसतं आणि ते सगळं दुसरं कोणीतरी बघतं. पण यात एक गोची आहे. पैसे आधीच भरलेले असतात त्यामुळे दिवसाला दोन सेशन आहेत तर दोन्ही करायचीच, संध्याकाळी योगा आहे तर तोही करायचाच असं होतं, आणि तिसऱ्या दिवशी हात वर उचलत नाहीत. माझं पहिल्या वेळी अगदी हेच झालं. आठवड्यातला सगळ्यात चांगला समुद्र पाचव्या दिवशी होता आणि मी खांदे शेकत खोलीत बसले होते. म्हणून सगळ्यात आधी हेच सांगते की भरलेले पैसे वसूल करायच्या मागे लागू नका, ताकद पुरवून वापरा.

बुकिंगच्या आधी विचारून घ्या

"सगळं इन्क्लुडेड" म्हणजे नक्की काय ते लेखी मागा. एअरपोर्टवरून नेणं-आणणं, दारू, बोर्ड फुटला तर भरपाई आणि इन्शुरन्स या गोष्टी बऱ्याचदा त्यात नसतात. ट्रॅव्हल इन्शुरन्स काढलाच असेल तरी त्यात सर्फिंग कव्हर होतं का ते बघा, काही पॉलिसींमध्ये असे खेळ वगळलेले असतात.

मग शिकवण्याबद्दल विचारा. एका इन्स्ट्रक्टरमागे किती जण? आठच्या वर आकडा सांगितला तर मी तरी जाणार नाही, आणि चार-पाच असतील तर फारच छान. इन्स्ट्रक्टरकडे सर्टिफिकेट आहे का, इंटरनॅशनल सर्फिंग असोसिएशनचं किंवा त्या देशातल्या संस्थेचं, आणि पाण्यातून माणूस वाचवायचं ट्रेनिंग झालंय का, हे विचारायला अजिबात लाजू नका. चांगला कॅम्प लगेच उत्तर देतो.

आणि सीझन. फोटोत दिसतात त्या मोठ्या लाटांचा सीझन जाणकारांसाठी असतो, आपल्यासाठी नाही. "अगदी नवशिक्याला कुठला महिना बरा आणि तळाशी वाळू आहे की खडक" एवढं विचारलं तरी पुरे. हवाईमध्येच बघा ना, वायकिकीच्या लाटा उन्हाळ्यातही लांब आणि सौम्य असतात म्हणून तिथे कित्येक पिढ्या सर्फिंग शिकल्या, आणि त्याच बेटावर पाइपलाइन नावाच्या जागेची लाट हिवाळ्यात उथळ खडकावर फुटते, तिथे नवशिक्याने पाय ठेवायचा नाही.

जायच्या आधीचा महिना

पोहता यायलाच हवं. थांबून-थांबून का होईना पण उभं राहता येत नाही अशा पाण्यात दोनशे मीटर न घाबरता जाता आलं पाहिजे, असं माझं मत. लीश (बोर्ड पायाला बांधायची दोरी) आहे, बोर्ड तरंगतो, इन्स्ट्रक्टर बाजूला आहे हे सगळं खरं, पण नाकातोंडात पाणी गेल्यावर घाबरायचं नाही हे शरीराला आधीच माहीत असावं लागतं.

घरी चटईवर पॉप-अपची, म्हणजे बोर्डवर पालथं असताना झटकन उभं राहायची, प्रॅक्टिस करा. पालथं पडायचं, तळवे छातीच्या खालच्या बरगड्यांशी टेकवायचे, दाबून उठायचं आणि दोन्ही पाय एकदम खाली आणायचे. गुडघा टेकवून उठायची सवय लावून घेऊ नका, ती नंतर मोडायला जड जाते. रोज दहा वेळा केलं तरी फरक पडतो. चष्मा असेल तर लेन्स लावून समुद्रात जाण्याबद्दल डोळ्यांच्या डॉक्टरांशी बोलून घ्या, पाण्यामुळे इन्फेक्शनचा धोका असतो.

बॅगेत काय? दोन स्विमसूट (ओला सूट सकाळी परत चढवणं नको वाटतं), लांब बाह्यांचा रॅश गार्ड (पाण्यात घालायचा अंगाला घट्ट बसणारा टी-शर्ट), झिंक असलेलं घट्ट सनस्क्रीन, मान आणि काखेत घासतं तिथे लावायला व्हॅसलीन. बस. बाकी कॅम्पवर मिळतं.

पहिला दिवस

फॉर्ममध्ये खरं लिहा. पोहणं बेताचं आहे, खांदा पूर्वी निखळलाय, दमा आहे, काय असेल ते. इथे भिडेखातर लपवलेली गोष्ट पाण्यात महागात पडते.

बोर्ड तुम्हाला आठ-नऊ फुटी फोमचाच मिळेल, आणि तोच घ्या. बाजूच्याने छोटा चकचकीत बोर्ड घेतलाय म्हणून मन चाळवतं, पण मोठा बोर्ड जास्त तरंगतो, हलत नाही आणि लाट लवकर पकडतो. डोक्यात लागला तरी फोम आहे. वेटसूटची चेन पाठीकडे येते आणि तो अंगाला चिकटूनच बसला पाहिजे, सैल असला तर आत पाणी खेळत राहतं आणि थंडी वाजते.

लीश मागच्या पायाच्या घोट्याला. मागचा पाय कुठला ते असं बघा की गुळगुळीत फरशीवर मोज्यांनी घसरताना जो पाय आपोआप पुढे जातो तो पुढचा. डावा पुढे असेल तर त्याला रेग्युलर म्हणतात, उजवा पुढे असेल तर गूफी, दोन्हीत चांगलं-वाईट काही नाही.

आता पडणं. हे मी जरा सविस्तर सांगणार आहे कारण पहिले दोन दिवस तुम्ही मुख्यतः पडणारच आहात. लाट तिची उंची पाण्याच्या खोलीच्या साधारण पाऊणपट झाली की फुटते, म्हणजे कमरेएवढी लाट फुटते तिथे पाणी जेमतेम छातीपर्यंत असतं. म्हणून सूर मारायचा नाही, कधीच नाही. पाठीवर किंवा कुशीवर पसरट पडायचं, बोर्डपासून लांब. पाण्याखाली दोन्ही हातांनी डोकं झाकायचं आणि वर येताना एक हात चेहऱ्यासमोर धरूनच यायचं, कारण लीशला बांधलेला बोर्ड ताणून परत तुमच्याकडेच येत असतो. ओ'नील या वेटसूटच्या कंपनीचे जॅक ओ'नील डोळ्यावर काळी पट्टी लावायचे, ती १९७१ मध्ये अशाच सुरुवातीच्या रबरी लीशमुळे डोळ्याला झालेल्या इजेची. आणि चालत आत जाताना बोर्ड नेहमी बाजूला धरायचा, तुमच्या आणि लाटेच्या मध्ये आडवा कधीच नाही, नाहीतर लाट तोच उचलून तुमच्या तोंडावर आणते. उथळ पाण्यात पाय उचलून न टाकता वाळूत घासत चाला, म्हणजे खाली स्टिंगरे (वाळूत लपणारा, शेपटीला काटा असलेला मासा) असला तर आधीच सरकतो.

पहिली लाट

सुरुवातीला फुटून झालेल्या लाटेचा पांढरा फेस पकडायचा असतो, हिरवी न फुटलेली लाट नाही. बोर्डवर पालथं पडल्यावर पायाची बोटं टेलला (बोर्डच्या मागच्या टोकाला) टेकलेली आणि नोज (पुढचं टोक) पाण्याच्या दोन-तीन बोटं वर, एवढं जमलं की अर्धं काम झालं. फार पुढे सरकलात तर नोज बुडतो आणि तुम्ही बोर्डवरून पुढे फेकले जाता, फार मागे राहिलात तर लाट खालून निघून जाते. फेस टेलला लागला की एक धक्का जाणवतो, आणि आपल्याला वाटतं की आता उठायचं, पण नाही, अजून दोन हात मारायचे, बोर्ड स्वतःहून सरकायला लागला, खालून पाण्याचा सुर्रर्र आवाज यायला लागला की मग तळवे बरगड्यांशी आणि उठायचं. नजर किनाऱ्यावरच्या झाडावर, इमारतीवर, कशावरही ठेवा पण पायाकडे नको. मी दोन दिवस पायाकडे बघत उठत होते आणि दर वेळी तोंडावर पडत होते, तिसऱ्या दिवशी इन्स्ट्रक्टर किनाऱ्यावर उभा राहून हात हलवत म्हणाला माझ्याकडे बघ, आणि त्याच्याकडे बघत-बघत मी थेट वाळूपर्यंत आले. तो आनंद मला अजून शब्दांत सांगता येत नाही.

शरीर सांभाळा, हे सगळ्यात महत्त्वाचं

पॅडलिंगने (पालथं पडून हातांनी पाणी मारत बोर्ड पुढे नेण्याने) दंड आणि खांदे असे भरून येतात की सकाळी केस विंचरता येत नाहीत. पोटाचं आणि गुडघ्याचं सालटं निघतं. हे सगळं नॉर्मल आहे. म्हणून सहा दिवसांच्या कॅम्पमध्ये तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी एक सेशन सरळ सोडा, पाण्याऐवजी किनाऱ्यावर बसून लाटा बघा, कोण कुठून आत जातंय ते बघा. पैसे वाया जात नाहीत, उलट उरलेले दिवस कामी येतात.

एक गोष्ट मात्र नॉर्मल नाही आणि ती प्रत्येक नवशिक्याला माहीत असावी. बोर्डवर पालथं पडून पाठ मागे वाकवून खूप वेळ राहिल्याने, क्वचितच पण, मणक्यातल्या मज्जारज्जूला इजा होते. तिला सर्फर्स मायलोपथी म्हणतात, हवाईतल्या रुग्णांवरून २००४ मध्ये ती पहिल्यांदा नोंदवली गेली आणि ती बहुतेक नवशिक्यांनाच होते. कुठेही न आपटता अचानक पाठ दुखायला लागली आणि पायात मुंग्या, बधिरपणा किंवा अशक्तपणा वाटला तर "ही लाट घेऊन मग जातो" असं करू नका, लगेच बाहेर या आणि थेट हॉस्पिटल गाठा. दोन लाटांच्या मध्ये पालथं पडून न राहता बोर्डवर उठून बसायची सवय लावा, आणि पाणी पीत राहा.

समुद्राचं थोडं कळून घ्या

कॅम्पचं टाइमटेबल रोज बदलतं म्हणून बरेच जण वैतागतात. त्याचं कारण साधं आहे, बहुतेक किनाऱ्यांवर भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते आणि सेशन भरती-ओहोटी बघूनच लावावं लागतं. रोज पहाटे उठवतात तेही वाऱ्यासाठी, सकाळी वारा पडलेला किंवा जमिनीकडून समुद्राकडे असतो आणि लाटा स्वच्छ राहतात.

रिप करंट म्हणजे किनाऱ्यावर आलेलं पाणी ज्या पट्ट्यातून परत आत जातं तो पट्टा. गंमत अशी की तिथे लाटा कमी फुटतात त्यामुळे नवख्याला तीच जागा शांत आणि सुरक्षित वाटते. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे जोर लावून पोहू नका, दमून जाल. बोर्ड सोडू नका, त्याला धरून तरंगा, हात वर करून हाक मारा, आणि जमत असेल तर किनाऱ्याला समांतर जाऊन पट्ट्याच्या बाहेर पडा.

बाहेरच्या हिरव्या लाटांवर नेलं तर एक नियम पाळायचाच, लाट जिथून फुटायला सुरुवात होते त्याच्या सगळ्यात जवळ जो आहे त्याची ती लाट. त्याच्या समोर उठायचं नाही. चुकून झालं तर सॉरी म्हणा, लोक समजून घेतात.

कॅम्पवरचं राहणं

याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. वेटसूट गोड्या पाण्यात धुवून सावलीत उलटा वाळत घाला, रात्री लवकर झोपा, दारू प्यायची असेल तर शेवटच्या रात्रीसाठी ठेवा. व्हिडिओ बघायचं सेशन असेल तर ते मात्र चुकवू नका, स्वतःला दोन मिनिटं बघून जे कळतं ते तासभर ऐकून कळत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी इन्स्ट्रक्टरला गाठून विचारा की मी कुठल्या लांबीचा आणि किती लिटरचा (म्हणजे किती आकारमानाचा) बोर्ड वापरला, माझी नेमकी कुठली चूक राहिली आणि पुढच्या वेळी कुठून सुरू करू. फोनमध्ये लगेच टाइप करून ठेवा, कारण पुढच्या कॅम्पवर पहिल्याच दिवशी हेच विचारतात.