रोबोटवर बसायचंय? आधी कचरागाडीचा टेलगेट बांधायला शिका

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत कचऱ्याच्या गाड्यांची बॉडी बांधायला या म्हटलं, की आयटीआय-डिप्लोमा झालेल्या पोरांचे चेहरे उतरतात. त्यांना पुण्याला जाऊन रोबोट चालवायचा असतो, तो कुका कंपनीचा केशरी रंगाचा. म्हणून त्या कुका कंपनीचाच इतिहास सांगतो.

१८९८ साली जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहरात केलर आणि क्नापिश या दोघांनी ॲसिटिलीन गॅसचा कारखाना काढला, घरातल्या आणि रस्त्यावरच्या दिव्यांसाठी. १९०५ पासून ते गॅस वेल्डिंगचं साहित्यही बनवू लागले. पत्रा नीट जोडता येऊ लागल्यावर नगरपालिकांच्या गाड्यांच्या बॉड्या आल्या, आणि १९६० च्या दशकात कचरागाड्यांच्या धंद्यात ही कंपनी युरोपात आघाडीवर होती. त्यांच्या एका गाडीवर काँक्रीट मिक्सरसारखं फिरणारं पिंप असायचं. आतली मळसूत्री पाती कचरा दाबत पुढे न्यायची, पिंप उलटं फिरवलं की सगळा बाहेर. दुसरीकडे १९५६ मध्ये त्यांनी फ्रिज आणि वॉशिंग मशीनच्या वेल्डिंगसाठी स्वयंचलित यंत्रणा उभारली, आणि १९७३ मध्ये विजेच्या मोटरवर फिरणाऱ्या सहा अक्षांचा 'फामुलस' रोबोट आणला. दिव्यांपासून रोबोटपर्यंतच्या या सगळ्या प्रवासात वेल्डिंग कधी सुटलं नाही. रोबोट त्यांच्याकडे सगळ्यात शेवटी आला, आणि आपली पोरं तिथूनच सुरुवात करायला बघतात.

महिन्याभरात रोबोट प्रोग्रामिंग शिकवणाऱ्या क्लासांबद्दल माझं मत वाईट आहे. पेंडंटवर, म्हणजे रोबोटच्या हातातल्या रिमोटवर, पॉइंट कसे घ्यायचे ते शिकवतात, पण जॉब, म्हणजे वेल्ड करायची वस्तू, का ओढला जाऊन वाकडा झाला हे कुणी सांगत नाही. नवा माणूस नेमका इथेच अडकतो. मीही अडकलो होतो, म्हणून जरा लांबण लावतो.

कॉम्पॅक्टरचा, म्हणजे कचरा दाबून भरणाऱ्या गाडीचा, मागचा उचलता येणारा भाग, टेलगेट, घ्या. त्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींत आतून रूळ असतात आणि त्यांतून कचरा दाबणारी प्लेट वरखाली सरकते. त्या भिंतींवर बाहेरून उभ्या पट्ट्या जोडायच्या असतात. नवा वेल्डर एका टोकाला सुरू करतो आणि दुसऱ्या टोकाला जाऊनच थांबतो. बीड, म्हणजे वेल्डची रेघ, देखणा येतो, सगळे वाहवा करतात. पण तापलेलं लोखंड थंड होताना आकसतं. सगळी उष्णता एकाच बाजूला पडलेली असते, त्यामुळे पत्रा त्या बाजूला खेचला जातो. भिंतीला बाक येतो, रुळांमधलं अंतर वर एक, मध्ये दुसरं. डोळ्याला काही दिसत नाही. हायड्रॉलिक जोडल्यावर प्लेट मध्येच अडकते, आणि सगळे सिलिंडरला नाहीतर पंपाला दोष देतात. माझ्या पहिल्या वर्षी असा एक तयार, रंग दिलेला टेलगेट गॅस कटरनं उघडावा लागला. तो अजून डोळ्यांपुढे आहे.

म्हणून आधी सगळीकडे टॅक, म्हणजे वेल्डचे छोटे टाके, मारा. आतून आडवे आधार लावा आणि जॉब पूर्ण थंड होईपर्यंत काढू नका. छोटे तुकडे घ्या, एक इकडे, एक समोरच्या भिंतीवर. लांब शिवण डावीकडून उजवीकडे न्यायची असेल, तर प्रत्येक तुकडा उजवीकडून डावीकडे ओढा. दर टप्प्याला रुळांमधलं अंतर वर, मध्ये, खाली मोजा आणि कर्ण जुळवा. काटकोन बघायच्या नुसत्या गुण्यावर भागत नाही.

हे हाताला कळलं की रोबोट सोपा जातो. साधा रोबोट शिकवलेल्या वाटेनंच जातो. पुढच्या जॉबमध्ये दोन पत्र्यांमधली फट सरकली असेल तर तो बीड भलतीकडे टाकतो, नाहीतर पत्रा जाळून भोक पाडतो. फट का सरकली हे ओळखणाऱ्याला रोबोटवाली कंपनीही धरून ठेवते.

शिकायला मिस्त्री निवडताना गोड बोलणारा बघू नका. तुमचा वेल्ड हातोड्यानं तोडून आतलं दाखवणारा बघा. व्हिडिओ बघा, पण त्यात ओढ दिसत नाही, कारण जॉब थंड व्हायच्या आत व्हिडिओ संपतो.

पहिले काही महिने ग्राइंडिंगच मिळेल. घाबरू नका, फिटिंग तिथूनच समजायला लागतं. हॉपर, म्हणजे कचरा टाकायची मागची कुंडी, तयार झाला की पाणी भरून ठेवायला सांगा आणि खालून प्रत्येक जोड बघा. ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर ओला कचरा म्हणजे काय, हे सांगलीकरांना वेगळं सांगायला नको. सुईएवढं भोक राहिलं तरी घाण पाणी गावभर सांडत जातं.

आणि उचललेल्या टेलगेटखाली आधाराचा दांडा लावल्याशिवाय कधीही जायचं नाही. साहेब घाई करत असले तरी नाही, पाना आत पडला असला तरी नाही. हायड्रॉलिकचा पाइप फुटायला क्षण पुरतो. ज्या शॉपमध्ये तो दांडा गाडीला लावलेला दिसत नाही, तिथे पगार जास्त देत असले तरी जाऊ नका.