दीपगृहाचे छायाचित्र कसे घ्यावे: दिव्याची वेळ, समुद्राची वेळ आणि कॅमेरा

दीपगृहासमोर ट्रायपॉड लावणाऱ्याला दोन घड्याळे सांभाळावी लागतात. एक दिव्याचे, सेकंदांत चालणारे. दुसरे समुद्राचे, तासांत चालणारे. पहिले चुकले तर शटर उघडे असताना दिवा दुसरीकडे वळलेला असतो. दुसरे चुकले तर ज्या खडकावर उभे राहायचे होते तो पाण्याखाली गेलेला असतो. म्हणून कॅमेऱ्याच्या आधी या दोन घड्याळांकडे वळू.

१. निघण्यापूर्वी दिव्याची कुंडली काढा

रात्री समुद्रातून पाहणाऱ्या खलाशाला दीपगृहे ओळखता यावीत म्हणून प्रत्येकाला लखलखण्याची ठरावीक लय दिलेली असते. सागरी नकाशांवर आणि नाविकांसाठीच्या दीपसूचीत ती लिहिलेली असते: किती झोत, कोणत्या रंगाचे, किती सेकंदांनी. ‘३ झोत, २० सेकंद’ अशी नोंद असेल तर तीन लखलखाट आणि मग अंधार असे चक्र दर २० सेकंदांनी पुन्हा सुरू होते. हा आकडा वहीत टिपून ठेवा, संध्याकाळी शटर त्याच्याच हिशेबाने लावायचे आहे.

दिवा आजही फिरतो का, तेही विचारून घ्या. अनेक ठिकाणी जुनी फिरती काचभिंगे काढून एलईडी दिवे बसवले आहेत. काही एलईडी दिवे फिरत नाहीत, जागच्या जागी उघडझाप करतात. अशा दीपगृहातून आभाळात फिरणारे किरणझोत मिळणार नाहीत. तिथे बुरूज, समुद्र आणि एक पेटलेला ठिपका यांवरच चित्र बांधावे लागते.

बुरुजाचे रंगही मुद्दाम निवडलेले असतात. दिवसा दीपगृह ओळखू यावे यासाठी ती खूण असते. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना किनाऱ्यावरची उंच दीपगृहे १८७३ मध्ये याच हेतूने वेगवेगळी रंगवली गेली: केप हॅटरसला वळसे घेत वर चढणारे काळे-पांढरे पट्टे, केप लुकआउटला चौकटी, बॉडी आयलंडला आडवे पट्टे. त्यामुळे नक्षी चौकटीत पूर्ण येईल असा निदान एक फोटो घ्याच. जुनी चित्रे पाहून जागा ठरवणार असाल तर एक सावधगिरी बाळगा, कारण बुरूज हललेला असू शकतो. किनारा झिजत आल्यामुळे हॅटरसचा आख्खा बुरूज १९९९ मध्ये सुमारे ८८० मीटर सरकवण्यात आला. त्याआधीच्या फोटोंत पायथ्याशी दिसणारा समुद्र आता तिथे नाही.

२. भरती-ओहोटीचे कोष्टक वाचा

बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरतींमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते आणि भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे जाते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे सर्वांत कमी चढ-उताराची भरती. उधाणाच्या दिवसांत पाणी सर्वांत आत येते आणि सर्वांत दूर ओसरते, म्हणून एरवी न दिसणारे खडक, डबकी आणि वाळूवरच्या रेघा याच दिवसांत हाती लागतात.

पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही, आणि लोक फसतात ते इथेच. सहा तासांच्या भरतीत पहिल्या तासाला एकूण चढाचा बारावा भाग, दुसऱ्याला दोन, तिसऱ्या आणि चौथ्या तासाला प्रत्येकी तीन, पाचव्याला दोन आणि सहाव्याला एक भाग, असा ढोबळ हिशेब धरतात. एकूण चढ ३.६ मीटर असेल तर पहिल्या तासात पाणी फक्त ३० सेंटिमीटर चढते, तिसऱ्या तासात मात्र ९० सेंटिमीटर. ‘अजून पायाला पाणी लागले नाही’ म्हणत बेटाच्या वाटेवर रेंगाळणाऱ्याची परतीची वाट या तिसऱ्या तासात बुडते. ओहोटी तळाला पोहोचण्याच्या तास-दीड तास आधी खडकावर उतरा आणि पाणी पालटले की सामान आवरायला लागा.

कोणत्या पाण्यात फोटो घ्यायचा, हे बुरुजावर ठरते. स्कॉटलंडजवळचे बेल रॉक दीपगृह १८११ मध्ये पेटले. ते ज्या खडकावर उभे आहे तो भरतीत पूर्ण बुडतो. अशा ठिकाणी ओहोटीचा फोटो बांधणाऱ्यांचे धाडस दाखवतो, तर भरतीच्या फोटोत बुरूज थेट पाण्यातून उगवलेला दिसतो.

खडकावर जाण्यापूर्वी उंच जागेवरून २० मिनिटे नुसता समुद्र पाहा. मोठ्या लाटा मधूनच, दोन-चारच्या गटाने येतात. पाच मिनिटांच्या पाहणीत त्या दिसतीलच असे नाही. ओला, काळपट खडक म्हणजे तिथवर पाणी पोहोचते आहे. हिरव्या शेवाळावर पाय टाकू नका आणि समुद्राकडे पाठ करून कॅमेऱ्यात डोके घालू नका.

३. उभे कुठे राहायचे

बुरुजाच्या जवळ जाऊन कॅमेरा वर कलवला की बुरूज मागे झुकल्यासारखा आणि वर निमुळता होत गेल्यासारखा दिसतो. उपाय साधा आहे: मागे जा आणि कॅमेरा पाण्याच्या पातळीसारखा समतल ठेवा. फुल-फ्रेम (३६ × २४ मिमी सेन्सरचा) कॅमेरा उभा धरून २४ मिमी लेन्सने समतल पाहिले, तर डोळ्याच्या वर जेवढी उंची चौकटीत मावते ती अंतराच्या पाऊणपट असते. ३० मीटर उंच बुरूज मावायला निदान ३८ मीटर दूर जावे लागेल. वर थोडे आभाळ हवे असेल तर ५० मीटर धरा. कॅमेरा आडवा धरला तर मात्र उंची अंतराच्या निम्मीच मावते, म्हणजे किमान ५७ मीटर.

समतल चौकटीत खालचा अर्धा भाग जमिनीचा येतो. तो रिकामा ठेवू नका. परतणाऱ्या पाण्याची रेघ, खडकातली भेग, जुन्या कुंपणाची भिंत, असे काहीतरी तिथे आणा. मागे जायला जागाच नसेल तर कॅमेरा कलवा, पण चारही बाजूंना भरपूर मोकळी जागा सोडा. नंतर संगणकावर उभ्या रेषा सरळ करताना कडा कापल्या जातात. रेषा पूर्ण समांतर केल्या तर बुरूज वर फुगल्यासारखा वाटतो, किंचित निमुळतेपणा राहू द्यावा. बहुतेक बुरूज मुळातच वर निमुळते असतात, हेही ध्यानात ठेवा: सरळ करायचा तो बुरुजाचा मध्य, त्याच्या कडा नव्हेत.

४. दिवसाचे एक्स्पोजर

पांढरा बुरूज चौकटभर असेल तर कॅमेरा त्याला करडा करतो. गडद खडक भरपूर असतील तर तोच बुरूज पांढराफटक होऊन चुन्याचे पोत आणि विटांचे सांधे नाहीसे होतात. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) ठेवा आणि बुरुजाच्या उन्हातल्या बाजूवर स्पॉट मीटरिंग (फक्त त्या ठिपक्यापुरते प्रकाशमापन) करून सुमारे दीड स्टॉप वाढवा; एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट. हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे काळे आणि उजवीकडे पांढरे दाखवणारा उजेडाचा आलेख, उजव्या भिंतीला चिकटत नाही ना, हे पाहा. लाल बुरुजासाठी तीन रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम उघडा, कारण लाल वाहिनी आधी भरते आणि एकत्रित आलेखात ते कळत नाही.

जवळचा खडक आणि दूरचा बुरूज दोन्ही स्पष्ट हवे असतील तर २४ मिमी आणि एफ/११ वर (हा लेन्सच्या छिद्राचा आकडा; आकडा मोठा तितके छिद्र लहान) फोकस सुमारे पावणेदोन मीटरवर ठेवा; ९० सेंटिमीटरपासून क्षितिजापर्यंत सारे पुरेसे स्पष्ट राहते. एफ/२२ पर्यंत जाऊ नका, डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्याने, सगळेच मऊ होते. पोलरायझर (चमक कापणारा फिल्टर) सूर्यापासून ९० अंशांवर सर्वाधिक परिणाम देतो. वाइड लेन्सवर त्यामुळे आभाळाचा एकच पट्टा गडद होतो, म्हणून तो आभाळापेक्षा ओल्या खडकांवरची चमक काढायला वापरलेला बरा.

५. पाण्याला किती वेळ द्यायचा

खडकावर आपटून उडालेले तुषार गोठवायचे तर सेकंदाचा १/१००० भाग. परतणाऱ्या फेसाच्या रेघा हव्या असतील तर पाव ते एक सेकंद, आणि शटर लाट मागे सरू लागल्यावर दाबायचे, येताना नव्हे. तीस सेकंदांपुढे पाणी धुक्यासारखे होते. सर्वांत जास्त जीव असतो तो पाव ते एक सेकंदाच्या चित्रांत. पाण्याला दिशा राहते आणि जोरही दिसतो.

एनडी फिल्टरचा, म्हणजे प्रकाश अडवून शटर लांबवू देणाऱ्या काळसर काचेचा, हिशेब पाठ असावा. ६ स्टॉपचा फिल्टर वेळ ६४ पट करतो, १० स्टॉपचा १०२४ पट. फिल्टरशिवाय १/१५ येत असेल तर ६ स्टॉपने सुमारे ४ सेकंद. १/३० असेल तर १० स्टॉपने ३४ सेकंद, म्हणजे बल्ब मोड (हवे तेवढा वेळ शटर उघडे ठेवणारा) आणि रिमोट लागणार. फोकस फिल्टर लावण्याआधीच करून मॅन्युअलवर ठेवा. वाळूत ट्रायपॉडचे पाय नुसते टेकवू नका, दाबून रोवा. लाट परतताना पायाखालची वाळू घेऊन जाते आणि लांब एक्स्पोजरमध्ये बुरूज दुहेरी दिसतो.

६. दिवा पेटल्यावर

सूर्य क्षितिजाखाली ४ ते ८ अंश असताना आभाळ गडद निळे होते आणि दिव्याचा उजेड त्याच्या तोलाचा ठरतो. विषुववृत्तालगत हा काळ जेमतेम १६ मिनिटांचा, ६० अक्षांशावर मार्च किंवा सप्टेंबरात त्याच्या दुप्पट. चौकट त्याआधीच ठरलेली असावी. आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदना) १००, एफ/८ आणि ४ सेकंदांपासून सुरुवात करा आणि अंधारेल तसा वेळ वाढवा.

आता वहीतला आकडा काढा. शटर दिव्याच्या पूर्ण चक्रापेक्षा लांब ठेवले तर लखलखाट नक्की सापडतो, पण ३० सेकंदांत पाच-सहा लखलखाट एकावर एक साचले की दिव्याची खोली पांढरा गोळा होते. त्यापेक्षा लय तोंडाने मोजा आणि रिमोटने लखलखाटाच्या अर्धा सेकंद आधी शटर उघडा. एका फोटोत एकच झोत पकडायचा. तरीही दिव्याची जागा पांढरीफटक होत असेल तर ट्रायपॉड न हलवता दिव्यासाठी दोन-तीन स्टॉप कमी एक्स्पोजरचा दुसरा फोटो घेऊन नंतर जोडा.

आभाळातले किरण पकडणे याहून अवघड आहे. समजा, चार भिंगफलकांचा संच २० सेकंदांत एक फेरी मारतो, म्हणजे दर ५ सेकंदांनी झोत. किरण सेकंदाला १८ अंश फिरतो. अर्ध्या सेकंदात तो ९ अंश सरकतो आणि काठीसारखा दिसतो. दोन सेकंदांत ३६ अंशांचा पंखा होतो, आणि पाच सेकंदांत चारही किरण मिळून सारे आभाळ सारखेच भरतात, किरण उरतच नाही. म्हणून शटर अर्धा ते एक सेकंद ठेवा, लेन्स एफ/२.८ पर्यंत उघडा आणि आयएसओ १६०० ते ३२०० करा. हवा अगदी स्वच्छ असेल तर यांतले काहीच उपयोगी पडत नाही. बाजूने किरण दिसायला हवेत बारीक धुके किंवा दमटपणा लागतो. धुरकट संध्याकाळी निराश होऊन परत फिरू नका, किरणांसाठी तीच खरी संध्याकाळ.

फोनवर नाइट मोड अनेक फोटो एकत्र करतो आणि एकाच फोटोत आलेला लखलखाट बऱ्याचदा पुसून टाकतो. प्रो मोडमध्ये शटर स्वतः ठरवा आणि फोन ट्रायपॉडवर बसवा.

दिवा चालू असलेल्या बुरुजावर टॉर्चचा उजेड फिरवून रंगरंगोटी करू नका, समुद्राकडे फ्लॅश मारू नका. त्या उजेडावर कुणीतरी जहाज हाकत असते.

७. चंद्रासह

चंद्राचा व्यास आभाळात सुमारे अर्धा अंश. वस्तूच्या आकाराच्या ११० पट अंतरावर उभे राहिले की ती चंद्राएवढी दिसते. ३० मीटरचा बुरूज चंद्राएवढा दिसायला सुमारे ३.३ किलोमीटर दूर जावे लागते. साडेतीन मीटर रुंद दिव्याची खोली चंद्राच्या मापाची हवी असेल तर ३८५ मीटर, मात्र तिथून बुरुजाचे टोक चार अंशांहून वर असते, म्हणजे चंद्र तेवढा चढेपर्यंत थांबायचे. दोन्हींसाठी ४०० मिमीच्या आसपास लेन्स हवी. पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी चंद्र सूर्यास्ताआधी उगवतो, त्यामुळे बुरुजावर मावळते ऊन असते. पौर्णिमेला दिवाही पेटलेला मिळतो.

८. आत गेल्यावर

फ्रेनेल भिंग, म्हणजे काचेच्या वेगवेगळ्या कड्यांनी रचलेले आणि उजेड एका झोतात एकवटणारे भिंग, दीपगृहात प्रथम वापरले गेले ते फ्रान्सच्या कोर्दुआं येथे, १८२३ मध्ये. पहिल्या, म्हणजे मोठ्या, श्रेणीच्या भिंगाचे नाभीय अंतर (दिव्यापासून काचेपर्यंतचे) ९२० मिलिमीटर, म्हणजे माणूस आत उभा राहील एवढा काचेचा पिंजरा. फोटो किंचित तिरक्या कोनातून घ्या; समोरून घेतला की काचेत तुमचेच प्रतिबिंब येते. गडद कपडे घाला आणि फ्लॅश बंद ठेवा. दिवसा भोवती पडदे ओढलेले असतील तर ते बाजूला सारू नका, कारण सूर्यप्रकाश भिंगातून एकवटून आग लागू शकते. काचेला आणि खालच्या यंत्रणेलाही हात लावू नका. जुन्या फिरत्या भिंगांपैकी अनेक पाऱ्यावर तरंगत असत.

गोल जिन्यासाठी कॅमेरा तळमजल्यावर बरोबर मध्यभागी, लेन्स वर करून जमिनीवर ठेवा आणि टायमर लावा. खिडक्या उजळ आणि भिंती काळोख्या असतात, म्हणून दोन-दोन स्टॉपच्या फरकाने तीन ते पाच फोटो घ्या. ड्रोनसाठी मात्र परवानगी आधी काढावी लागते, आणि पक्ष्यांच्या विणीच्या काळात तो उडवूच नये.

९. मिठाचा बंदोबस्त

लेन्सवर उडालेले खारे पाणी कोरड्या कापडाने पुसले की मिठाचे कण काचेवर घासले जातात. आधी हवेच्या फुग्याने फुंकर मारा, मग गोड्या पाण्यात भिजवलेल्या मऊ कापडाने टिपा आणि शेवटी कोरड्या कापडाने पुसा. दर चार-पाच फोटोंनंतर काच उजेडाकडे धरून पाहा. दिव्याभोवती पडलेले धूसर वलय बहुधा मिठाचेच असते. वाऱ्यात लेन्स बदलू नका. थंड खोलीतून दमट हवेत जाताना कॅमेरा अर्धा तास बंद पिशवीतच राहू द्या, नाहीतर आतून दव धरते.

खोलीवर परतल्यावर ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडून गोड्या पाण्याखाली धुवा. झोपण्याआधी कुलुपे सैल करून तो उलटा टेकवून ठेवा. आत राहिलेले पाणी निथळले नाही तर वाळू सांध्यात बसते आणि दुसऱ्या दिवशी पाय फिरत नाहीत.