भिंतीवरच्या प्रमाणपत्राची शहानिशा

२०१४ साली मी सातवीत असताना बाबांनी गोव्यात डिचोलीतल्या एका कराटे वर्गात माझे नाव घातले. फी किती, वर्ग कोणत्या वारी आणि गणवेश कुठे मिळतो, एवढेच आम्ही विचारले. शिकवणाऱ्या सरांना स्वतःला कोणी शिकवले आणि त्यांची परीक्षा कोणी घेतली, हे विचारावे असे आमच्या घरात कोणालाच सुचले नाही. आठ वर्षांनी, एका राज्यस्तरीय स्पर्धेच्या नोंदणीच्या टेबलापाशी, एका अनोळखी गृहस्थांनी तोच प्रश्न मला विचारला. तोवर मी ब्लॅकच्या आधीच्या ब्राऊन बेल्टपर्यंत पोहोचलो होतो, माझ्याकडे सहा ग्रेडिंगची, म्हणजे बेल्टच्या परीक्षांची, प्रमाणपत्रे होती आणि त्यांतले एकही त्या टेबलावर चालले नाही, कारण ती देणाऱ्या आमच्या क्लबची नोंद कोणत्याच मान्यताप्राप्त संघटनेकडे नव्हती. जो अनुभव मला वीस वर्षांचा झाल्यावर आला, तो नव्याने शिकू पाहणाऱ्यांना पहिल्याच आठवड्यात टाळता यावा, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आमच्या वर्गाच्या भिंतीवर सोनेरी चौकटीत सरांचे चौथ्या डॅनचे प्रमाणपत्र लावलेले होते (ब्लॅक बेल्टपासून पुढच्या पायऱ्यांना डॅन म्हणतात). उभ्या ओळींतली जपानी अक्षरे, खाली चौकोनी लाल शिक्का आणि जाड पिवळसर कागद, असे ते दिसायला भारदस्त होते आणि शेवटच्या ग्रेडिंगनंतरचा आमचा सामूहिक फोटो त्याच्याखालीच काढला होता. स्पर्धेवरून परत आल्यावर मी तोच फोटो मोठा करून जपानी शिकणाऱ्या एका मैत्रिणीला दाखवला. तिने अक्षरे बाजूला ठेवून आधी तारीख वाचली. जपानमध्ये सम्राटाच्या कारकिर्दीनुसार वर्षे मोजण्याची पद्धत आहे. हेइसेई हा कालखंड जानेवारी १९८९ मध्ये सुरू झाला आणि आपल्या एकतिसाव्या वर्षी, ३० एप्रिल २०१९ रोजी संपला. दुसऱ्या दिवसापासून रेइवा सुरू झाला. सरांच्या प्रमाणपत्रावर मात्र हेइसेई ३३, म्हणजे २०२१, असे वर्ष होते. २०१९ पूर्वी छापलेल्या एखाद्या परवान्यावर पुढील मुदत म्हणून असे वर्ष सापडू शकते, पण प्रत्यक्ष २०२१ साली दिलेल्या कागदावर ते कोणताही जपानी कार्यालयीन माणूस लिहिणार नाही.

तरीही केवळ तेवढ्यावरून निष्कर्ष काढणे मला योग्य वाटले नाही. प्रमाणपत्रावर ज्या संघटनेचे नाव होते, तिच्या मुख्यालयाला मी साध्या इंग्रजीत ईमेल पाठवला. त्यात सरांचे नाव, प्रमाणपत्राचा क्रमांक आणि फोटो दिला आणि ही नोंद आपल्याकडे आहे का, एवढेच विचारले. नऊ दिवसांनी दोन ओळींचे उत्तर आले. त्या नावाची पहिल्या डॅनची नोंद त्यांच्याकडे होती आणि त्यापुढची एकही नव्हती.

या उत्तराचा अर्थ नीट लावायला मला बराच काळ लागला. सर बनावट माणूस नव्हते. त्यांनी खरोखर कराटे शिकले होते, पहिली डॅन मिळवली होती आणि आम्हाला शिकवलेल्या हेइआन कातांमधले (ठरावीक क्रमाने करायच्या हालचालींमधले) बहुतेक सगळे पुढे माझ्या नव्या गुरूंनीही तसेच ठेवले. खोटी होती ती वरची तीन पायऱ्यांची भर, आणि त्या भरीच्या जोरावर ते आमच्या परीक्षा घेत होते, ग्रेडिंग फी घेत होते आणि ब्लॅक बेल्टसुद्धा देत होते. नवख्या माणसाने हे आधी समजून घ्यावे की पूर्णपणे खोटा प्रशिक्षक ओळखणे फारसे कठीण नसते, कारण त्याचे पाय आणि हातच त्याला उघडे पाडतात. खऱ्या लहान पदवीवर खोटी मोठी पदवी चढवलेला माणूस मात्र शिकवतानाही पटतो, आणि म्हणूनच तिथे तुमच्या डोळ्यांपेक्षा देणाऱ्या संस्थेच्या नोंदवहीवर विसंबावे लागते.

डॅन म्हणजे काय, हे माहीत असले तर निम्मे दावे आपोआप गळून पडतात. ही पद्धत प्राचीन नाही. ज्यूदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ साली कोदोकान स्थापन केले आणि १८८३ साली आपल्या दोन शिष्यांना पहिली डॅन दिली. गिचिन फुनाकोशी १९२२ मध्ये ओकिनावाहून टोकियोला आले आणि १९२४ मध्ये त्यांनी ती पद्धत कराटेत आणली. तेव्हा आमच्या घराण्यात ब्लॅक बेल्टची परंपरा पाचशे वर्षांची आहे असे कोणी सांगितले, तर ते वाक्यच प्रशिक्षकाबद्दल पुरेसे सांगून जाते. शिवाय ‘शोदान’ या शब्दाचा अर्थच आरंभीची पायरी असा आहे. पहिली डॅन मिळवलेला माणूस पक्का विद्यार्थी झालेला असतो, आणि इतरांची डॅन परीक्षा घेण्याचा अधिकार त्याला त्यामुळे मिळत नाही.

पडताळणीचा मार्ग कलेप्रमाणे बदलतो. तायक्वांदोत तो सर्वांत सोपा आहे, कारण जागतिक स्पर्धांमध्ये चालणारी डॅन सोलमधील कुक्कीवोन ही १९७२ साली उभी राहिलेली संस्था देते आणि प्रमाणपत्राची नोंद तिच्या संकेतस्थळावर तपासता येते. तिथे दोन पदव्यांमध्ये किमान कालावधीही ठरलेला आहे: पहिलीवरून दुसरीला एक वर्ष, दुसरीवरून तिसरीला दोन, तिसरीवरून चौथीला तीन. म्हणजे पहिल्या डॅनपासून चौथ्यापर्यंत किमान ६ वर्षे लागतात, आणि प्रमाणपत्रांवरच्या तारखा एकाखाली एक लिहून काढल्या की हिशेब जुळतो की नाही ते लगेच कळते. ब्राझिलियन जिउ-जित्सूमध्येही आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांनुसार ब्लॅक बेल्टसाठी वय किमान १९ असावे लागते आणि ब्ल्यू ते पर्पल २ वर्षे, पर्पल ते ब्राऊन दीड वर्ष, ब्राऊन ते ब्लॅक १ वर्ष असा काळ जावा लागतो. कराटेत असे एकच केंद्र नाही. शोतोकान, गोजू-र्‍यू, शितो-र्‍यू, वादो-र्‍यू असे पंथ आणि प्रत्येक पंथात अनेक संघटना असल्यामुळे, प्रमाणपत्रावर ज्या संघटनेचे नाव आहे तिलाच लिहून विचारावे लागते. क्राव मागा या इस्रायली स्वसंरक्षण पद्धतीचीही स्थिती अशीच आहे. केरळच्या कळरीपयट्टूसारख्या कलेत मुळात बेल्टच नाहीत. तिथे गुरू कोण, कोणत्या कळरीत (तालीमखान्यात) किती वर्षे काढली आणि ते गुरू या शिष्याला ओळखतात का, हीच पडताळणी.

गोव्यात मला सर्वाधिक गोंधळ दिसला तो ‘सरकारमान्य’ या शब्दाचा. एखादा क्लब १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली नोंदवला गेला, किंवा त्याने बोधचिन्हाचा ट्रेडमार्क घेतला, किंवा भिंतीवर आयएसओ ९००१ चे प्रमाणपत्र लावले, तर त्यातून संस्था कागदोपत्री अस्तित्वात आहे किंवा तिचा कारभार एका ठरावीक पद्धतीने चालतो, एवढेच सिद्ध होते. शिकवणाऱ्याला कराटे येते असे त्यातला एकही कागद म्हणत नाही. क्लब कोणत्या राज्य संघटनेशी संलग्न आहे आणि ती राज्य संघटना केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने मान्यता दिलेल्या राष्ट्रीय महासंघाशी जोडलेली आहे का, हे विचारावे. उत्तर पटले नाही तर क्रीडा व युवा व्यवहार संचालनालयात किंवा कांपाल येथील गोवा क्रीडा प्राधिकरणात चौकशी करता येते, आणि लेखी उत्तर हवे असल्यास माहिती अधिकाराचा अर्जही आहे. ‘एनआयएस कोच’ हा शब्द ऐकला तरी एक प्रश्न पुढे विचारावा. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा पूर्ण पदविका अभ्यासक्रम वेगळा आणि सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम वेगळा. दोन्ही उपयोगी आहेत, पण दोन्ही सारखे नव्हेत.

हंगामात हणजूण, हरमल भागात येऊन शिकवणाऱ्या परदेशी प्रशिक्षकांबद्दल मी वेगळे मत बनवलेले नाही. त्यांच्या मूळ देशातल्या क्लबचा पत्ता मागून तिथे विचारणे, एवढेच जास्तीचे काम असते.

आता मी फोंड्याला शिकतो आणि सायंकाळच्या लहान मुलांच्या वर्गात मदत करतो. तिथे पहिल्या दिवशी मी चाचरतच विचारले होते, “सर, राग मानू नका, पण आपली ग्रेडिंग कोणी घेतली?” सरांनी कपाटातून एक जुनी निळी फाईल काढली. आत ग्रेडिंगची कार्डे क्रमाने लावलेली होती. सर्वांत जुन्या कार्डावर पिन मारलेला पासपोर्ट फोटो होता, पिनेचा गंज फोटोच्या कडेला उतरला होता आणि फोटोतला मुलगा जेमतेम दहा वर्षांचा होता. प्रत्येक कार्डावर परीक्षकाची सही होती. एका वर्षीच्या कार्डावर ‘नापास, सहा महिन्यांनी पुन्हा’ असा शेरा होता आणि तेही कार्ड त्यांनी जपून ठेवले होते. मग त्यांनी आपल्या गुरूंचा फोन नंबर कागदावर लिहून दिला आणि म्हणाले, “आजच फोन कर. संध्याकाळी पाचनंतर ते घरी असतात.” मी फोन केला. त्या वृद्ध गृहस्थांनी सरांबद्दल अर्धा तास सांगितले, त्यात त्यांच्या कच्च्या डाव्या पायाबद्दलही सांगितले.

मुलाला वर्गात घालणाऱ्या पालकांनी याखेरीज एक गोष्ट अवश्य करावी. प्रशिक्षकाने पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घेतली आहे का, हे विचारावे आणि एक पूर्ण तास मागे बसून वर्ग पाहावा. गोव्यात २००३ पासून स्वतंत्र बाल कायदा आहे, मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा २०१२ चा पोक्सो कायदा देशभर लागू आहे, आणि मुलांसोबत काम करणाऱ्या माणसाला असा प्रश्न अपमानास्पद वाटण्याचे काहीच कारण नाही. पालकांना आत बसू न देणारा वर्ग असेल, तर प्रशिक्षकाची डॅन कितीही खरी असली तरी मी तिथे मुलाला पाठवणार नाही.

डिचोलीच्या सरांना मी भेटलो आणि मुख्यालयाचे उत्तर दाखवले. त्यांनी ते दोनदा वाचले आणि फोन मला परत दिला. वर्गातल्या लहान मुलांच्या पालकांनाही मी तेच उत्तर दाखवले. काहींनी मुलांना काढले, काहींनी वर्ग घराजवळ आहे म्हणून ठेवले. माझा ब्राऊन बेल्ट फोंड्याच्या सरांनी पहिल्याच दिवशी घडी करून माझ्या हातात ठेवला आणि मला पुन्हा ग्रीन बेल्टच्या परीक्षेला बसवले. ती परीक्षा राज्य संघटनेच्या परीक्षकांनी घेतली आणि त्यांच्या सहीचे ते कार्ड माझ्या फाईलीत पहिल्या पानावर आहे.