गाडी बंद केली तरी फ्युएल पंप थांबत नाही? आधी रिले काढा

चावी काढली, इंजिन थांबलं, तरी मागच्या सीटखालून बारीक घुमण्याचा आवाज येतोच आहे. म्हणजे टाकीतला फ्युएल पंप अजून चालू आहे. रात्रभर तसाच राहिला तर सकाळी बॅटरी उतरलेली सापडेल. पंप साधारण ५ अँपिअर ओढतो, म्हणजे आठ तासांत ४० अँपिअर-तास, आणि बऱ्याच छोट्या हॅचबॅकची अख्खी बॅटरीच ३५ अँपिअर-तासांची असते.

नवा पंप आणायला धावू नका. पंप ही नुसती मोटर आहे, करंट मिळतोय तोवर ती फिरणारच. शोधायचं आहे ते हा करंट कुठून येतोय. खालची पद्धत साध्या रिलेवर (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) चालणाऱ्या पेट्रोल इंजेक्शन गाड्यांसाठी आहे.

आधी आवाज खरंच पंपाचा आहे ना, हे पाहा. गाडी तापलेली असेल तर रेडिएटरचा पंखा बंद केल्यावरही काही वेळ फिरतो, तो दोष नव्हे. इग्निशन ऑन केल्यावर पंप दोन-तीन सेकंद चालून थांबतो, तेही बरोबरच. चावी काढून मिनिटभर थांबा आणि मग पेट्रोलच्या झाकणापाशी कान लावा. तरीही आवाज असेल तर पुढे जा. लगेच तपासायला वेळ नसेल तर फ्यूज बॉक्सच्या झाकणावरची आकृती पाहून पंपाचा फ्यूज काढून ठेवा, निदान बॅटरी वाचेल.

आता चावी बाहेर आणि पंप चालू असताना पंपाचा रिले उपसून काढा. अर्धं निदान इथेच होतं.

रिले हातात आला तरी पंप चालूच आहे? मग करंट रिलेच्या पुढे कुठूनतरी घुसतोय. बाहेरून बसवलेलं काहीही आधी संशयित धरा: सीएनजी किटचं वायरिंग, सिक्युरिटी अलार्म, पंप तोडायला लावलेला छुपा स्विच, किंवा गाडी रस्त्यात अडकली तेव्हा कुणीतरी ‘तात्पुरती’ म्हणून मारलेली डायरेक्ट वायर. ही शेवटची सर्वांत धोकादायक. इंजिन फिरायचं थांबलं की ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, पंप बंद करतो, ती अपघातातली सुरक्षा आहे. डायरेक्ट वायरीवर ती उरतच नाही, आणि फाटलेल्या पाइपातून पेट्रोल उडत राहतं. असा जोड सापडला तर तो पूर्ण काढून मूळ वायरिंग पूर्ववत करा.

रिले काढताच पंप थांबला, तर दोनच शक्यता: रिलेचे पॉइंट (करंट जोडणारे आतले संपर्क) चिकटलेत, किंवा रिलेला चालू राहण्याचा हुकूम अजून मिळतोय. मल्टिमीटर ओहमवर ठेवून सुट्या रिलेच्या ३० आणि ८७ या पिना तपासा. जोड दाखवला तर पॉइंट चिकटले. ८५ आणि ८६ मध्ये कॉइल (पॉइंट ओढून जोडणारी तारेची गुंडाळी) असते, तिथे बहुतेक वेळा ६० ते १०० ओहम येतात. काही जपानी रिलेंवर १, २, ३, ५ असे आकडे असतात; तिथे १-२ कॉइल आणि ३-५ पॉइंट. मीटर नसेल तर त्याच नंबराचा, तितक्याच पिनांचा हॉर्नचा रिले आणून लावून पाहा. फक्त चिकटलेला रिले हॉर्नच्या जागी खोचू नका, गल्ली जागी होईल.

चिकटलेल्या रिलेवर टिचकी मारली की तो सुटतो, आणि अनेक जण तेवढ्यावर गाडी नेतात. तो पुन्हा चिकटणार. नवाच घ्या, तोही मूळ नंबराचा आणि खात्रीच्या दुकानातून. काही गाड्यांत हा रिले फ्यूज बॉक्सच्या पीसीबीवर (आतल्या सर्किट बोर्डवर) सोल्डर केलेला असतो, ते काम इलेक्ट्रिशियनकडे द्या.

पण पॉइंट चिकटले का? पंप झिजला असेल किंवा फिल्टर तुंबला असेल तर मोटर जास्त करंट खेचते आणि पॉइंट जळतात. म्हणून नवा रिले लावल्यावर इंजिन चालू ठेवून पंपाच्या वायरीवर डीसी क्लॅम्प मीटर (वायर न तोडता करंट मोजणारा) लावा. ४ ते ७ अँपिअर ठीक. १० च्या आसपास गेला तर फिल्टर आणि पंप तपासा. सीएनजीवर गाडी चालवणाऱ्यांनी टाकीत किमान पाव टाकी पेट्रोल ठेवावं. अनेक किटमध्ये सीएनजीवरही पंप चालूच असतो, आणि त्याला थंड ठेवतं ते पेट्रोलच.

रिले चांगला निघाला तर चावी बाहेर ठेवून सॉकेटच्या ८५-८६ मध्ये व्होल्ट मोजा. शून्य हवेत. प्रोब आत ढकलू नका, टर्मिनल फाकतं आणि पुढे तिथेच तापून जळतं. १२ व्होल्ट आले तर आपल्या गाडीच्या आकृतीत पाहा, कॉइलचा प्लस कुठून येतो. इग्निशन किंवा मेन रिलेकडून येत असेल तर दोष त्यांचाच, इग्निशन स्विच झिजलाय किंवा मेन रिले अडकलाय. प्लस कायमचा असेल तर ईसीयूकडे जाणारी वायर कुठेतरी घासून बॉडीला अर्थ झाली असेल. बॅटरीचा मायनस काढा, ईसीयूचा कनेक्टर सोडवा आणि त्या वायरीचा बॉडीशी जोड तपासा. अजूनही दाखवतोय तर वायर दुरुस्त करा. जोड गेला तरच ईसीयूवर शंका घ्या.

पंप बराच वेळ चालला असेल आणि एखादा इंजेक्टर गळका असेल तर पेट्रोल सिलिंडरमधून ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक हुंगा. पेट्रोलचा वास येत असेल किंवा पातळी वाढली असेल तर ऑइल बदलल्याशिवाय स्टार्ट मारू नका.

शेवटी बॅटरीच्या मायनसला मालिकेत अँमीटर लावून गाडी लॉक करा आणि अर्धा तास थांबा, कारण गाडीतले सगळे इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल झोपायला वेळ लागतो. आकडा ५० मिलिअँपिअरच्या खाली यायला हवा. मीटर जोडलेला असताना इग्निशन ऑन करू नका, मीटरचा फ्यूज उडेल.