सिव्हिलचा अभ्यास भरतीच्या वेळापत्रकापासून सुरू करा

सिव्हिलच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असाल आणि राहायला ठाण्यात किंवा नवी मुंबईत, तर जलविज्ञान आणि पर्यावरण अभियांत्रिकी शिकायला याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही. मी वाशीत पावसाळी नाल्यांच्या आराखड्यांचं काम करते. आमच्याकडे इंटर्नशिपला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी एकच सांगते: आजची भरती किती वाजता ते बघ आणि होल्डिंग पॉण्डवर, म्हणजे नाल्यांचं पाणी थोपवून धरणाऱ्या तलावावर, जाऊन ये.

सिडको या सरकारी महामंडळानं खाडीकाठच्या सखल, दलदलीच्या जमिनीवर भराव घालून नवी मुंबईचा मोठा भाग उभा केला. भरतीचं पाणी अडवायला बांध आणि नाल्यांचं पाणी थोपवायला हे तलाव. तोंडाशी झडपेचे दरवाजे असतात. खाडीची पातळी चढली की दाबानं मिटतात, ओहोटीला उघडतात. दरवाजे मिटलेले असताना धो-धो पाऊस आला, तर सगळं पाणी तलावानंच पोटात घ्यायचं.

आता वही काढा. नाल्यात किती पाणी येईल ते काढायची रॅशनल मेथड, म्हणजे अपधाव गुणांक (पावसातला वाहून जाणारा हिस्सा), पावसाची तीव्रता आणि क्षेत्रफळ यांचा गुणाकार. समजा वस्ती १०० हेक्टर, गुणांक ०.८, पाऊस तासाला ५० मिमी. तासाला ४०,००० घनमीटर पाणी आलं. दरवाजे ३ तास बंद राहिले तर १,२०,००० घनमीटर. पाणी साठायला दीड मीटर खोली मिळत असेल तर तलाव हवा ८ हेक्टरचा. त्यातली अर्धा मीटर गाळानं खाल्ली, तर मावेल ८०,०००. उरलेलं पाणी कुठल्या सेक्टरच्या रस्त्यावर चढेल, हे समपातळी रेषांच्या नकाशावर बोट ठेवून सांगता आलं पाहिजे. मग गाळ काढा, असं कुणीही म्हणेल. पण तलावात खारफुटी वाढलेली असते आणि ती तोडायला उच्च न्यायालयाची परवानगी लागते. पलीकडे ठाणे खाडी, २०२२ पासून रामसर पाणथळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. हे सगळं धरून उत्तर काढणं हाच खरा पेपर आहे, असं मला मनापासून वाटतं.

प्रयोगशाळेत बीओडीकडे, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती प्राणवायू वापरतात त्या मापाकडे, नीट लक्ष द्या. परदेशी पुस्तकांत २० अंशांवर ५ दिवस असतात, भारतीय मानकात २७ अंशांवर ३ दिवस. दोन्ही आकडे एकमेकांत मिसळू नका. बाटलीला बूच लावल्यावर मानेखाली एकही बुडबुडा राहता कामा नये, कारण त्यातला प्राणवायू पाण्यात विरघळतो आणि वाचन बिघडतं. ठाणेकरांनी मासुंदा किंवा उपवन तलावाच्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू पहाटे आणि भर दुपारी तपासावा. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं, रात्री वापरतं, म्हणून एकाच तलावाचे दोन वेगळे आकडे येतात. व्हायवाला हे स्वतःचे आकडे घेऊन बसा.

काँक्रीटसाठी आयएस ४५६ आणि पिण्याच्या पाण्यासाठी आयएस १०५०० ही भारतीय मानकं मूळ वाचा, नोट्सवरून नको. सर्वेक्षणाचं म्हणाल, तर ते उन्हातच शिकायचं.

तलावावर एकटे जाऊ नका, पावसात बांधावर उतरू नका. भरतीला आणि साधारण सहा तासांनी ओहोटीला, दोन्ही वेळा पातळी लिहा. झडपेत प्लास्टिक अडकलं की ती पुरती मिटत नाही आणि खाडी आत शिरते. असं दिसलं तर तारीख-वेळेसकट फोटो काढून महापालिकेकडे तक्रार नोंदवा.