एनएफएस फेलओव्हर: दुसरा सर्व्हर उठतो, फाईल मात्र उघडत नाही

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एखाद्या फाउंड्रीत कास्टिंगची ड्रॉइंग आणि टेस्ट रिपोर्ट एनएफएसने, म्हणजे नेटवर्कवरून फाईल वाटण्याच्या पद्धतीने, सामायिक केलेल्या ड्राइव्हवर असतात. तो बंद पडू नये म्हणून दोन लिनक्स सर्व्हर, पेसमेकर (कोणती सेवा कोणत्या सर्व्हरवर चालवायची हे बघणारं सॉफ्टवेअर) आणि डीआरबीडी (एका डिस्कवरचं लिखाण जसंच्या तसं दुसऱ्या सर्व्हरच्या डिस्कवर उतरवणारं) असा क्लस्टर, म्हणजे सर्व्हरची जोडी, उभा करतात. पहिला बंद केला की दुसरा उठतो (हाच फेलओव्हर), आणि तरी संगणकांवर ‘स्टेल फाईल हँडल’ ही एरर, म्हणजे फाईलची जुनी ओळख चालत नाही, असं येतं.

एनएफएसचा क्लायंट, म्हणजे ड्राइव्ह वापरणारा संगणक, उघडलेली फाईल नावाने नव्हे, सर्व्हरने दिलेल्या हँडलने ओळखतो. त्या हँडलमध्ये फाइलसिस्टिमची ओळख (एफएसआयडी) आणि डिस्कवरचा फाईलचा क्रमांक (आयनोड नंबर) असतो. म्हणून एक्सपोर्टमध्ये (सर्व्हर कोणता फोल्डर वाटतो त्या नोंदीत) एफएसआयडी स्वतः ठरवून द्या, दोन्ही मशीनवर तोच. डीआरबीडीऐवजी आरसिंकने, म्हणजे फाईल-फाईल कॉपी करणाऱ्या साधनाने, दोन डिस्क ‘सारख्या’ ठेवल्या असतील, तर एफएसआयडीही वाचवत नाही. नावं तीच राहतात, आयनोड नंबर बदलतात.

क्लायंटवर ड्राइव्ह जोडताना (माउंट) व्हर्च्युअल आयपीच द्या, म्हणजे चालू सर्व्हरकडे सरकणारा पत्ता. एनएफएस सेवा सिस्टमडीमधून (लिनक्स सुरू होताना सेवा चालू करणारा प्रोग्रॅम) आपोआप सुरू होऊ देऊ नका, ते काम पेसमेकरचं. क्रमही महत्त्वाचा: आधी डिस्क, मग फाइलसिस्टिम, एनएफएस, एक्सपोर्ट आणि सगळ्यात शेवटी आयपी. आयपी आधी उठला तर क्लायंट रिकाम्या दारात येऊन एरर घेऊन परततो.

फेलओव्हरनंतर एनएफएस आवृत्ती ४ मध्ये काही काळ फाईल अडकल्यासारखी वाटते. हा ग्रेस पीरियड, लिनक्सवर साधारण ९० सेकंदांचा. जुने लॉक, म्हणजे फाईलवरचे ताबे, परत मिळवायला क्लायंटला तेवढा वेळ दिलेला असतो. घाबरून सर्व्हर रीबूट केला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून! ही लॉकची नोंदही सामायिक डिस्कवरच हवी.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. वॉर्निंग नको म्हणून स्टोनिथ, म्हणजे बिघडलेला वाटणारा सर्व्हर सक्तीने बंद करण्याची सोय (फेन्सिंग), बंद करतात. मग दोघांमधली नेटवर्क केबल निघाली की दोघांनाही दुसरा मेला असं वाटतं, दोघंही डिस्क ताब्यात घेतात आणि डेटाच्या दोन वेगळ्या आवृत्त्या तयार होतात. कोणती खरी, हे नंतर हातानेच ठरवावं लागतं. फेन्सिंग फक्त आयपीएमआयवर (सर्व्हरमध्येच बसवलेली दूरनियंत्रण चिप) ठेवलं तर आणखी एक गोची आहे: मशीनची वीजच गेली तर आयपीएमआयही गप्प, आणि क्लस्टर उत्तराची वाट बघत थांबतो. म्हणून दोन सर्व्हर वेगळ्या यूपीएसवर ठेवा आणि नेटवर्कवरून बंद करता येणारा पीडीयू (रॅकमधली वीज वाटणारी पट्टी) दुसरा मार्ग म्हणून जोडा.

२०१९ आणि २०२१ चा पंचगंगेचा पूर पाहिलेल्यांना हेही सांगायला हवं की एकाच रॅकमधले दोन सर्व्हर पाण्यात एकदमच जातात. बॅकअप दुसऱ्या जागी हवाच.

आणि चाचणी घेताना नोड (क्लस्टरमधला सर्व्हर) नुसता स्टँडबायवर, म्हणजे कमांड देऊन नीट बाजूला, टाकू नका. मोठी फाईल कॉपी होत असताना प्लग ओढा.